उभ्याउभ्या एक तुकडा

"मला आज फारशी भूक नाही."

नवरे बायकांशी जी खोटी बोलतात त्यांची कोणी यादी केली, तर हे वाक्य पहिल्या पाचात येईल. सातपूरला पस्तीस वर्षे नोकरी करताना मी ते आठवड्यातून तीनदा तरी बोललो असेन. सेकंड शिफ्टचा भोंगा रात्री बाराला वाजे. सायकली आणि लुना गेटातून बाहेर पडत आणि शंभर पावलांवर पेट्रोमॅक्सच्या उजेडात पाववड्याची गाडी उभी असे. घरी सौ. ताट झाकून जागी आहे, हे ठाऊक असायचे. तरी पाय तिकडे वळत. एक पाववडा, एक तळलेली मिरची, अर्धा चहा. जेमतेम दहा मिनिटे! मग सायकल हाणत घरी, हातपाय धुणे, ताटावर बसणे आणि ते वाक्य.

पाववडा म्हणजे मुंबईचा वडापाव नव्हे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. मुंबईत वडा तळून पावात घालतात. आमच्या नाशिककडे पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून अख्खा पावच बेसनात बुडवतात आणि कढईत सोडतात. अलीकडे याला कोणी उलटा वडापाव म्हणतात. आम्हाला विचाराल तर उलटा मुंबईचा. वडापावाचे जनकत्व दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिले जाते, ते खुशाल द्यावे. गिरणीच्या पाळीला जाणाऱ्या माणसाने एका हातात धरून चालता चालता खावे, अशी ती सोय होती. आमची सोयही तीच. फक्त गिरणीच्या जागी एमआयडीसी.

सातपूर हे त्र्यंबक रस्त्यावरचे एक शेतीचे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्या दशकात गावाच्या शिवारात प्लॉट पडू लागले. मायको आली, महिंद्र आली, सिएट आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आली. मायकोचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, पण चौकाला आजही लोक मायको सर्कलच म्हणतात. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली आणि सातपूर शहरात मोडू लागले. जळगाव, धुळे, नगर, मराठवाडा, कुठून कुठून पोरे आली. मी खानदेशातून १९७९ साली आलो. बहुतेक जण खोली घेऊन राहणारे, स्वयंपाक न येणारे. अशा गावात मिसळ फोफावली नसती तरच नवल. नाशिकची मिसळ आज पर्यटकांच्या यादीत गेली आहे. रविवारी सकाळी मोटारींच्या रांगा लागतात. सातपूरच्या श्यामसुंदरचे नाव तर मुंबईकरही घेतात. पण काळ्या मसाल्याचा तो झणझणीत रस्सा मुळात थर्ड शिफ्ट करून डोळे चोळत बाहेर पडलेल्या माणसाच्या पोटाला आधार होता. सकाळी सातला मिसळ खाऊन आठला झोपी जायचे, असा आमचा दिनक्रम. डॉक्टरांनी हे वाचू नये.

गाडीवाल्याकडे एक लाल कापडी बांधणीची वही असे. पगार सात तारखेला. वीस तारखेनंतर बहुतेकांचे हात खिशापाशी अडखळत. "लिहून ठेवा," एवढेच म्हणायचे. सात तारखेला गेटापाशी सगळ्यांत आधी त्या वहीचे देणे चुकते होई, मग किराणा, मग पतपेढी. यात एक इभ्रत होती.

ही सगळी हकिकत मी रंगवून सांगतो आहे, कारण ती मला फार प्रिय आहे. त्या दहा मिनिटांत मी कोणाचा कामगार नव्हतो आणि कोणाचा नवरा-बाप नव्हतो. नुसता भुकेला माणूस होतो आणि एक रुपयात ती भूक भागत होती. त्या गाडीवर एकही बाई नाही, हे मात्र कित्येक वर्षे माझ्या ध्यानात आले नाही. रात्री ती असणार तरी कशी? त्या काळी १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामावर ठेवता येत असे. पुढे तो नियम सैल झाला. पण संध्याकाळी पाच-साडेपाचलाही, जनरल शिफ्ट सुटल्यावर, गाड्यांभोवती तीन-तीन पदरी घोळका असे तो पुरुषांचाच.

ध्यानात आले ते १९९६ च्या मे महिन्यात.

सौ. तेव्हा एका लहान युनिटमध्ये पॅकिंगला होती. मुलगी दहा वर्षांची झालेली, घराचे हप्ते चालू. माझ्या कंपनीत कँटीन होते. स्वस्तात पोटभर जेवण मिळायचे. अडीचशेहून अधिक कामगार असले तर कँटीन चालवणे तेव्हा कायद्यानेच भाग असे. तिच्या युनिटमध्ये चाळीसेक बाया. त्यांचे कँटीन म्हणजे खोक्यांच्या थप्पीमागे अंथरलेले प्लास्टिक. त्या दिवशी उन्हाने डब्यातली भाजी आंबली, म्हणून तिने ती टाकून दिली आणि कोरडी अर्धी पोळी पाण्याबरोबर खाल्ली. सकाळी घरून निघताना नुसता चहा. सुटल्यावर आयटीआयच्या सिग्नलपाशी एसटीची शहर बस पाऊण तास आली नाही. ती घरी पोहोचली, उंबऱ्यात टेकली आणि बसल्या जागीच कलंडली.

माझी त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून मी घरी होतो. शेजारच्या काकू धावत आल्या, लिंबू-साखरेचे पाणी दिले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पोट रिकामे आहे. ती सावध झाल्यावर मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अगं, स्टॉपवर एवढ्या गाड्या असतात. एक पाववडा खाऊन घ्यायचा होतास."

तिने माझ्याकडे पाहिले. "कुठे? त्या गाडीवर? एकटी उभी राहून?"

"त्यात काय झालं?"

"अहो, तुमच्याच कंपनीतले दहाजण होते तिथे. उद्या तुमच्या कानावर आलं असतं, वहिनी रस्त्यावर वडा खात होत्या म्हणून."

मी काहीतरी पुटपुटलो. आज लपवून काय उपयोग, तसे कानावर आले असते तर मला ते आवडले नसते. मी बोललो नसतो, पण आवडले नसते. तिला हे माहीत होते. म्हणून पर्समध्ये पैसे असताना, तीन गाड्यांच्या वासात, ती पाऊण तास उपाशी उभी राहिली.

कोणी म्हणेल, बायका पाणीपुरी नाही का खात? खातात, आणि चांगली तिखट खातात. पण ती हौस. संध्याकाळी नटून, चौघी मिळून किंवा नवऱ्या-मुलांसोबत. एकट्या बाईने कामावरून येताना, केस विस्कटलेले, हाताला ग्रीस, केवळ भूक लागली म्हणून रस्त्यात थांबून खाणे वेगळे. त्याला आमच्या कॉलनीत जागाच नव्हती. हॉटेलात 'फॅमिली रूम' असे. पण तिथे फॅमिली घेऊन यावे लागते. एकटी बाई आली तर वेटर आधी तिच्या मागे कोण आहे ते बघतो.

योगायोग असा की त्याच १९९६ साली जानेवारीत दिल्लीत डोमिनोजचे आणि जूनमध्ये बंगळुरात पिझ्झा हटचे, भारतातले पहिले दुकान उघडले. आम्हाला त्याची खबर असण्याचे कारण नव्हते. पिझ्झा हा शब्द आमच्या घरात मुलगी अकरावीत गेल्यावर शिरला. बेकरीत प्लास्टिकच्या पिशवीत जाड बेस मिळत. त्यांवर टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेले चीज घालून ती तव्यावर झाकण ठेवून भाजायची. चीज वितळायचे पण चित्रातल्यासारखे ताणले जात नसे, म्हणून ती हिरमुसायची. पुढे कळले की दोष तिचा नव्हता. ताणले जाते ते मोझरेला. त्याचा दही-गोळा गरम पाण्यात मळून ओढतात, त्यामुळे त्यात दोऱ्यासारखे तंतू तयार होतात. आपले चौकोनी वडीचे चीज आधीच वितळवून क्षार घालून एकजीव केलेले असते. ते पसरते, ओढले जात नाही. सौ.ला मात्र हा सगळाच प्रकार 'पावावरची कच्ची कोशिंबीर' वाटे.

मला त्याचा रागच होता. आपले मिसळ-भाकरी सोडून हे परदेशी मैद्याचे खूळ कशाला! निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा हा राग उतरू लागला. पहिला धक्का असा की आपल्या पाववड्यात तरी आपले काय आहे? पाव पोर्तुगिजांनी आणला. बटाटा अमेरिकेतला; आपण त्याला पोर्तुगीज नावानेच हाक मारतो. मिरचीही तिकडचीच. उरले बेसन. आणि पिझ्झ्यातला टोमॅटो? तोही मूळचा अमेरिकेतला खरा, पण पाऊस सरता सरता पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या क्रेट उतरताना ज्याने पाहिले आहेत, त्याला टोमॅटो परका कसा म्हणवेल? नाशिक जिल्ह्याने या लाल फळावर सोने पाहिले आहे आणि ते रस्त्यावर ओतून देण्याची पाळीही पाहिली आहे.

दुसरा धक्का मोठा होता. पिझ्झा ही श्रीमंतांची मिजास, अशी माझी समजूत होती. निघाला तो आमच्या पाववड्याचा सख्खा भाऊ! इटलीतल्या नेपल्स बंदरात हमाल, कोळी, बेघर लोक यांचे ते खाणे. द्यूमा हा फ्रेंच कादंबरीकार १८३५ मध्ये तिकडे गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे की तिथला गरीब माणूस उन्हाळ्यात कलिंगडावर जगतो आणि हिवाळ्यात पिझ्झ्यावर. फेरीवाले तो रस्तोरस्ती विकत, ज्याच्याकडे जेवढे पैसे तेवढा तुकडा कापून देत. पातळ पिझ्झ्याची चौघडी घालून लोक चालता चालता खात. दुसऱ्या महायुद्धानंतर, हाल होते तेव्हा, नेपल्सच्या गल्ल्यांत बायका दाराशी कढई मांडून तळलेला पिझ्झा विकत आणि पैसे आठ दिवसांनी घेत. आज खा, आठवड्याने द्या! व्हित्तोरिओ डी सिका यांच्या १९५४ च्या 'गोल्ड ऑफ नेपल्स' या चित्रपटात सोफिया लॉरेन अशीच पिझ्झावाली झाली आहे. हे वाचले तेव्हा मला लाल बांधणीची वही आठवली आणि हसू आले. नेपल्सला वीस तारीख होती तर!

इटालियन मजूर अमेरिकेत गेले तेव्हा हे खाणे त्यांच्या गाठोड्यातून गेले. न्यूयॉर्कमध्ये लोम्बार्डी नावाच्या दुकानाचा आरंभ १९०५ चा सांगतात. महायुद्धानंतर गॅसवरच्या भट्ट्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने झाली आणि अख्खा न घेता एकच तुकडा घेऊन, कागदावर ठेवून, मधोमध दुमडून उभ्याने खाण्याची रीत पडली. कामावर जाताना एक, येताना एक. १९८० मध्ये तिथल्या एका वाचकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये दाखवून दिले होते की एका तुकड्याची किंमत आणि भुयारी रेल्वेचे तिकीट ही बरोबरीने वाढत आली आहेत. कामगाराच्या खिशाला दोन्ही सारखीच लागतात, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

असो. आमच्या कॉलनीच्या रस्त्याला पिझ्झ्याचे दुकान निघाले तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते. मी निवृत्त व्हायच्या दोनच वर्षे आधीची गोष्ट. दहा बाय बाराचा गाळा, पूर्वी तिथे सायकल दुरुस्ती होती. मालक आयटीआय झालेला फिटर. सहा वर्षे कंत्राटी कामगार म्हणून या कंपनीतून त्या कंपनीत फिरला आणि कंटाळून त्याने जुना विजेचा ओव्हन घेतला. कॉइल जळाली तर स्वतः बदलतो, थर्मोस्टॅट स्वतः लावतो. सातपूरचे दुकान आहे, मेकॅनिक बोलवायचा नसतो. सर्वत्र सात-आठ इंची अख्खे पिझ्झे विकतात. याने शक्कल अशी काढली की मोठा पिझ्झा भाजून आठ तुकडे करायचे, काचेच्या पेटीत ठेवायचे आणि गिऱ्हाईक आले की एक तुकडा तापल्या तव्यावर झाकण घालून दोन मिनिटे ठेवायचा. दुसऱ्या शेकण्याने तळ खुसखुशीत होतो आणि वरचे चीज पुन्हा हलू लागते. सुरुवातीला एक तुकडा पंचवीस रुपयांना होता.

चवीबद्दल खोटे बोलणार नाही. सॉस गोड, मक्याचे दाणे फार आणि मागितले नाही तरी वर पांढऱ्या मेयॉनीजची रेघ. मिसळीची सर त्याला सात जन्मांत येणार नाही. मुलीने पहिल्या पगाराला आम्हाला तिथे नेले होते. "पप्पा, काट्याने नाही, हाताने खायचा," असे मला शिकवले. सौ.ने तुकडा उलटसुलट करून पाहिला, चिलीच्या पुडीकडे तुच्छतेने पाहिले आणि मालकाला विचारले, "लिंबू आहे का हो? आणि थोडा बारीक कांदा?" पोरगा गांगरला, पण त्याने शेजारच्या टपरीवरून लिंबू आणून दिले. आता तो काउंटरवर लिंबाच्या फोडी ठेवतो. न्यूयॉर्कवाल्यांनी बघून जावे.

पण मी त्या दुकानाकडे नीट पाहिले ते पुढे, निवृत्तीनंतर, समोरच्या ओट्यावर संध्याकाळी बसू लागलो तेव्हा. पाच ते सात या वेळात तिथे बहुतेक बायका असतात. आयटीआयच्या मुली, निळ्या कोटातल्या पॅकिंगवाल्या, दवाखान्यातल्या नर्स, मुलाला क्लासला सोडून तासभर मोकळ्या झालेल्या आया. आणि बऱ्याचशा एकट्या. मी विचार करू लागलो, हिला गाडीवर जे जमले नाही ते इथे कसे जमते? पिझ्झ्यात असे काय आहे?

पिझ्झ्यात काही नाही. जे आहे ते गाळ्यात आहे. मालकाने जागा वाचवायला भिंतीला दीड फुटाची फळी ठोकली आणि तिच्यासमोर चार उंच स्टुले मांडली. त्यामुळे खाणाऱ्याचे तोंड भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे. गाडीवर उभे राहिले की सगळ्या जगाला तुमचा घास दिसतो. इथे दिसते ती पाठ, आणि पाठीवरून कॉलनीत सगळ्याच वहिनी सारख्या. भाव पाटीवर लिहिलेला, त्यामुळे घोळक्यात शिरून ओरडायला नको. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, पुरुषांचा अड्डा जमावा असे काही नाही. चहा नाही, तंबाखूची पुडी नाही. त्या फिटरने हे काही ठरवून केले नव्हते. मी त्याला विचारले तर म्हणाला, "काका, टेबल मावत नव्हतं."

पाववड्याच्या गाडीवाल्यांनी, आम्ही गिऱ्हाइकांनीही, एवढी एक फळी तीस वर्षांपूर्वी ठोकली असती तर? हा विचार मला त्रास देतो. गाडीवर आडोसा करणे अवघड नव्हते. आम्हाला कोणाला ते सुचले नाही, कारण उपाशी कोण आहे हे आम्ही मोजलेच नव्हते. आज मिसळीच्या मोठ्या ठिकाणी बायका-मुली रुबाबात बसतात, त्याही एकमेकींचे फोटो काढत. ते पाहून बरे वाटते. तरी तिथेही एकटी बाई मला क्वचितच दिसते.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी बाहेर पडलो होतो. अंधार लवकर पडतो त्या दिवसांत. रस्ता ओलांडताना सहज दुकानाकडे नजर गेली. कडेच्या स्टुलावर एक पाठ. पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. सगळ्या पाठी सारख्या असतात असे मी वर लिहिले आहे, पण चाळीस वर्षांची ओळखीची पाठ असली तर नसतात.

सौ. एकटी बसली होती. हातात मोबाइल नाही, शेजारी कोणी नाही. तिने तुकड्यावर लिंबू पिळले, टोकाकडून एक घास घेतला, लांबलेला चीजचा दोरा बोटाने गुंडाळून तोंडात घातला आणि भिंतीकडे बघत सावकाश चघळू लागली. कसलीही घाई नाही. भिंतीवर बघण्यासारखे काही नव्हते, एक जुने कॅलेंडर होते.

पहिल्यांदा वाटले, आत जावे, पाठीवर थाप मारावी, म्हणावे, सापडलीस! पाऊल उचललेही होते. मग एका उभ्या रिक्षाच्या आड थांबलो. रात्री बाराला त्या गाडीवर मला कोणी असे येऊन धरले असते तर कसे वाटले असते, ते आठवले. मी गोळ्या घेतल्या आणि लांबच्या गल्लीने घरी आलो. टीव्ही लावून बसलो.

ती वीसेक मिनिटांनी आली. "बाजारात गर्दी होती," म्हणाली. मेथी निवडली, परतली, भाकऱ्या थापल्या. आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिच्या ताटात अर्धीच भाकरी होती.

"का गं?" मी विचारले.

"मला आज फारशी भूक नाही."

मी मान खाली घालून लोणच्याची बरणी पुढे ओढली. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "मेथीला मीठ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.